जानेवारीअखेर तांबट पक्षी ओरडायला लागला आणि शेवग्याच्या वाळक्या फांदीला गोल भोक दिसलं, तर फांदी छाटावी का?

नाही, आत्ता छाटू नका. तांबटाची ढोली असण्याची शक्यता बरीच आहे आणि त्याचा विणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतो. थंडी ओसरू लागली की त्याचं टुक-टुक वाढतं, म्हणून पुण्यात वसंताची ही बऱ्यापैकी भरवशाची चाहूल. आंब्याच्या मोहराइतकीच, असं मला वाटतं. ओरडताना दुर्बिणीतून जरूर बघा: चोच मिटलेली असते, प्रत्येक टुकीला गळ्याची कातडी फुगते आणि मान हलते. मिनिटाला शंभरावर टुक्या सहज होतात.

कोथरूडच्या आमच्या गल्लीत हे पक्षी नेहमी दिसतात, त्यावरून ओळखायच्या खुणा सांगतो:
- भोक स्वच्छ गोल, बहुधा तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला
- खाली जमिनीवर ताजा लाकडाचा चुरा
- नर-मादी आळीपाळीने कोरताना दिसणं

एक मात्र लक्षात घ्या, तांबट रात्री झोपायलाही ढोल्या कोरतात, त्यामुळे प्रत्येक भोकात अंडी असतीलच असं नाही. सकाळी लांबून थोडा वेळ पाहा. चोचीत उंबर-पिंपळाची फळं घेऊन जोडी ये-जा करत असेल, तर आत पिल्लं आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी नष्ट करणं शिकारीतच मोडतं. फांदी रस्त्यावर लोंबत असेल आणि खरंच धोका असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा आणि ढोलीचं आधी सांगा.