माजघरातील स्नेक प्लांट

प्रश्न : कमी उजेडाच्या माजघरात, शेतातील काळ्या मातीत लावलेल्या स्नेक प्लांटची पाने पावसाळ्यापासून बुडाशी पिवळी व मऊ पडत आहेत. काय करावे?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दोष उजेडाचा नसून मातीचा दिसतो. मूळची पश्चिम आफ्रिकेतील ही वनस्पती जाड पानांत आणि जमिनीखालील आडव्या खोडात पाणी साठवते. कपाशीला मानवणारी आपली काळी माती मात्र ओल फार काळ धरून ठेवते आणि मुळे कुजतात. रोप उपसून कुजका भाग कापावा, जखम दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावी आणि निम्मी जाड वाळू मिसळलेल्या मातीत, तळाला छिद्र असलेल्या कुंडीत ते लावावे. कुंडी आतपर्यंत सुकल्यावरच पाणी द्यावे. पिवळ्या काठाची जात असल्यास पानाच्या तुकड्यापासून रोप करू नये, कारण नव्या रोपाला तो काठ बहुधा येत नाही.