रॉकेटचं इंजिन बिघडलंय हे कळतं कसं, आणि त्या खबरीवर भरवसा कधी ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की गगनयान उडताना इंजिन बिघडलं तर ते कुणाला आणि कसं कळणार, आणि कळेपर्यंत फार उशीर झालेला नसेल का. मी इस्रोचा माणूस नाही. परळीच्या थर्मलमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. टर्बाईनचे प्रोब (मोजमाप घेणारे सेन्सर), तापमान मोजणारे थर्मोकपल, धोका दिसताच मशीन आपोआप बंद पाडणारं म्हणजे ट्रिप करणारं सर्किट यांच्याशी रोजचा संबंध. पण हा विषय मनापासून वाचत आलोय, म्हणून लिहितो.

आधी कळतं ते कॉम्प्युटरला. दहनकक्षातला दाब, इंजिनात इंधन ढकलणाऱ्या टर्बोपंपाचा वेग, टर्बाईनमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, कंपनं, या प्रत्येकाची हद्द आधीच ठरवून दिलेली असते. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या प्रत्येक मुख्य इंजिनावर स्वतःचा कॉम्प्युटर असायचा आणि तो सेकंदाला 50 वेळा हा सगळा हिशेब तपासायचा. हद्द ओलांडली की इंजिन बंद, कुणाला विचारायला थांबायचं नाही. माणसाची नजर मीटरवर जाईपर्यंत टर्बोपंपाचे तुकडे झालेले असू शकतात.

हद्द ठरवणं मात्र त्यातल्या त्यात सोपं. खरा कस लागतो तो आलेली खबर खरी की खोटी हे ओळखताना. आमच्याकडचंच सांगतो. बेअरिंगचं तापमान विजेच्या रोधावरून मोजणाऱ्या आरटीडी या सेन्सरची वायर ढिली होऊन सर्किट तुटलं, तर रोध एकदम वाढतो आणि रीडिंग थेट वरच्या टोकाला जाऊन चिकटतं. स्क्रीनवर बघाल तर बेअरिंग जळालं, आणि जागेवर जाऊन हात लावाल तर नेहमीसारखं. खरं तापमान असं उडी मारत नाही, ते चढत जातं, कारण धातूला आणि तेलाला तापायला वेळ लागतो. म्हणून उडी मारणारं रीडिंग खराब समजून बाजूला काढतात. शिवाय 3000 आरपीएमनं फिरणारं मशीन एका प्रोबच्या सांगण्यावरून ट्रिप होऊ नये म्हणून महत्त्वाच्या जागी तीन प्रोब लावतात आणि दोघांचं एकमत झालं तरच ट्रिप घेतात. वीज केंद्रात खोटी ट्रिप आली तर काही तासांचं उत्पादन जातं. रॉकेटमध्ये खोट्या ट्रिपनेही माणसं दगावू शकतात.

29 जुलै 1985 ला ती वेळ जवळजवळ आलीच होती. चॅलेंजर हे स्पेस शटल सात अंतराळवीरांना घेऊन वर चाललं होतं. पावणेसहा मिनिटांच्या सुमारास मधलं इंजिन आपोआप बंद पडलं. इंजिन धडधाकट होतं, तापमानाचे सेन्सर खोटं बोलत होते. उरलेल्या दोन इंजिनांवर यान चढत राहिलं. थोड्या वेळानं उजव्या इंजिनाचाही एक सेन्सर गेला आणि दुसऱ्याचं रीडिंग हद्दीकडे सरकायला लागलं. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात इंजिनांवर लक्ष ठेवून असलेल्या जेनी हॉवर्ड यांनी दोन्ही घटना एकत्र पाहिल्या, दोष सेन्सरचा आहे हे ताडलं आणि आपोआप बंद होण्याची व्यवस्था रोखायला सांगितलं. यान ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत पोचलं, पण सगळे सुखरूप राहिले. त्यांच्या हातात फार तर काही सेकंद होते. संरक्षण काढून टाका असं सांगायला किती अभ्यास आणि किती धैर्य लागत असेल, हे ट्रिप सर्किटवर काम करणाऱ्यालाच विचारा.

याच्या उलटही होतं, म्हणजे संकट खरं असतं पण खबरच पोचत नाही. 26 सप्टेंबर 1983 ला बायकोनूरच्या सोव्हिएत तळावर सोयुझ या अंतराळयानाच्या रॉकेटला उड्डाणाआधी जागेवरच आग लागली आणि तिनं केबलच जाळल्या. रॉकेट बिघडलं तर अंतराळवीर बसलेली कुपी ओढून लांब नेणाऱ्या सुटका यंत्रणेला आपोआप आदेश गेला नाही. जमिनीवरच्या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून आदेश दिला, तेव्हा कुपी वर खेचली गेली आणि काही सेकंदांत खाली रॉकेट फुटलं. आतले अंतराळवीर तितोव आणि स्त्रेकालोव दोघंही वाचले.

म्हणून नुसत्या इंजिनावर नजर ठेवून भागत नाही. 11 ऑक्टोबर 2018 ला सोयुझच्या रॉकेटचं बाजूला जोडलेलं एक बूस्टर रॉकेट सुटताना मुख्य भागावर आदळलं. तिथे दोष इंजिनाचा नव्हता, पण यंत्रणेनं बिघाड पकडून दोघा अंतराळवीरांना आपोआप सोडवलं.

आता आपलं गगनयान. 21 ऑक्टोबर 2023 ला श्रीहरिकोट्याला सुटका यंत्रणेची चाचणी होती. कुपीत माणूस नव्हता. काउंटडाउन शून्याला पाच सेकंद उरले असताना कॉम्प्युटरनं उड्डाण थांबवलं. पुढे दुरुस्ती करून ते सकाळी दहाला झालं आणि सुमारे 12 किमी उंचीवर कुपी रॉकेटपासून व्यवस्थित सुटली. टीव्हीवर पाहताना अनेकांना ते थांबणं अपयश वाटलं असेल, मला मात्र त्यानंच धीर आला.

खऱ्या मोहिमेच्या एलव्हीएम3 रॉकेटमध्ये आणखी एक पेच आहे. त्याची द्रव इंधनावर चालणारी दोन्ही विकास इंजिनं तळावर पेटतच नाहीत, ती पावणेदोन मिनिटांच्या पुढे हवेत पेटतात. त्यामुळे इंजिन नीट पेटलं का हे पाहून मग रॉकेट सोडायचं, ही सोय इथे नाही. तोवर सगळा भार दोन घन इंधनाच्या बूस्टरवर, आणि ते एकदा पेटले की विझवता येत नाहीत. म्हणजे त्या पावणेदोन मिनिटांत दोन्ही बूस्टरच्या दाबात फरक पडला किंवा रॉकेट नको तितकं कलायला लागलं, तर कॉम्प्युटरपुढे इंजिन बंद करण्याचा पर्यायच नसतो. कुपीला ओढून लांब न्यायचं, एवढंच. तुम्ही विचारलेला उशीर मला सर्वात जास्त याच टप्प्यात छळतो.