नामिबच्या वाळवंटातले सगळेच भुंगेरे धुकं प्यायला डोक्यावर उभे राहतात का?

नाही. ती तऱ्हा प्रामुख्याने ओनिमॅक्रिस उंगुइक्युलॅरिस या भुंगेऱ्याची. तो वाळूच्या टेकाडाच्या माथ्यावर वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली घालतो आणि पाठीवर जमलेलं पाणी ओघळून तोंडाशी येतं. त्याच कुळातल्या लेपिडोकोरा प्रजातीचे भुंगेरे अंगावर पाणी झेलतच नाहीत, ते वाळूकडूनच झेलवून घेतात. माझ्या मते ही युक्ती जास्त थक्क करणारी आहे, पण तिचे फोटो क्वचितच दिसतात.

लेपिडोकोरा चपटा, जवळजवळ गोल असतो. त्याला उडता येत नाही. दिवसभर तो स्वतःला वाळूत गाडून घेतो आणि रात्री वर येऊन वाऱ्याने आणलेला गवताचा भुसा खातो. धुकं आलं की मात्र टेकाडाच्या उतारावर वाऱ्याला आडवा असा अरुंद चर पाडत जातो. उकरलेली वाळू चराच्या कडेला बांधासारखी उभी राहते. आपल्याकडच्या समपातळी चरात पाणी चरात साठतं, इथे ते बांधात असतं, हा फरक महत्त्वाचा. सपाट वाळूवरून धुकं नुसतं सरकून जातं. बांध थोडा वर आलेला असल्याने धुक्याचे थेंब त्याच्या कणांवर आदळून अडकतात आणि तो आजूबाजूच्या वाळूपेक्षा ओला होतो. मग भुंगेरा त्याच वाटेने परत फिरतो आणि बांध मोडत त्यातलं पाणी शोषून घेतो. चर वाऱ्याच्या दिशेने गेला असता तर बांधाची फक्त टोकंच धुक्यासमोर आली असती.

मेरी सीली आणि विल्यम हॅमिल्टन या संशोधकांनी १९७६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं. काम नामिबियातल्या गोबाबेब संशोधन केंद्राच्या परिसरातलं. तिथे वर्षाचा पाऊस सरासरी २५ मिमीच्या आसपास, म्हणून धुक्यावर इतकी भिस्त.

चर बघायचे असतील तर धुक्याच्या दिवशी उजाडायच्या आत पोचा. ऊन चढलं की वाळू सुकते, वारा सुटला की बांध ढासळतात आणि नऊ-दहाला गेलात तर कोरा उतार दिसेल. आधी वाऱ्याची दिशा बघा, मग तिला आडव्या रेघा शोधा. नागमोडी भटकलेली रेघ बहुधा दुसऱ्याच प्राण्याची, सोनेरी चिचुंद्रीसुद्धा (गोल्डन मोल) वाळूत अशी नक्षी काढते. उतारावर चढू नका, एका पावलाने वरची वाळू घसरते आणि खालचे चर बुजतात. पायथ्याशी उभं राहून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. सावलीमुळे बांध लगेच उठून दिसतात.