घरची मंडळी आणि घरी जमणारी मंडळी

बायबलच्या मराठी भाषांतरात, येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रांमध्ये अमक्याच्या 'घरातली मंडळी' असा उल्लेख वाचून एकांनी विचारलं आहे, की ही त्या घरातली माणसं का? आणि आजही कुणाच्या तरी घरी जमून प्रार्थना करणारे छोटे ख्रिस्ती गट असतात, त्यांना मराठीत काय म्हणावं?

घरातली माणसं नव्हेत. मराठी प्रोटेस्टंटांच्या भाषेत मंडळी म्हणजे चर्च, आणि तेही इमारत नव्हे तर श्रद्धावंतांचा समुदाय. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया. ग्रीक नगरांत नागरिकांची सभा भरे, तिला हाच शब्द होता. कॅथलिकांनी 'ख्रिस्तसभा' म्हटलं ते त्या अर्थाला अगदी धरून आहे. तरी मला मंडळी जास्त आवडतो, कारण त्यात माणसं आधी दिसतात.

घोटाळा होऊ नये म्हणून व्याकरणाकडे बघा. नेहमीच्या मराठीत आपण 'घरच्या मंडळींना विचारा' म्हणतो. ख्रिस्ती लेखनात 'मंडळीला पत्र लिहिलं' असतं. पहिल्यात अनेक माणसं, दुसऱ्यात एक संस्था. म्हणूनच तिचं अनेकवचनही होतं: मंडळ्या. पाहुण्यांच्या कुणी 'तीन मंडळ्या' मोजत नाही, पण नाटक मंडळ्या मोजतो. 1880 साली निघालेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीतला मंडळी आणि हा मंडळी अर्थाने सख्खे आहेत. आणि 'घरची' मंडळी म्हटलं की कुटुंबच. जुन्या बोलीत तर 'आमची मंडळी माहेरी गेली' म्हणजे बायको माहेरी गेली! म्हणून भाषांतरात 'त्यांच्या घरी जमणारी मंडळी' असं उलगडून लिहिणं सर्वांत चांगलं. 'जमणारी' या एका शब्दाने सगळा संशय फिटतो.

पौलाच्या काळी, म्हणजे पहिल्या शतकात, चर्चच्या वेगळ्या इमारतीच नव्हत्या. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे राहुट्या करणारं जोडपं. रोममध्ये त्यांच्या घरी मंडळी जमे, इफिस शहरातही जमे. लावदिकीया गावात नुंफा नावाच्या बाईच्या घरी, आणि पौलाचा मित्र फिलेमोन याच्या घरीही. सीरियातल्या दुरा-युरोपस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातलं असं एक घर सापडलं आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केलेली, आणि बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे पाण्याने दीक्षा देण्यासाठी, वेगळी खोली. जागा अपुरी पडायला लागल्यावर कुणीही घरमालक करील तेच त्यांनी केलं.

आता आजचं. इथे एकच शब्द सगळीकडे लावू नये असं माझं ठाम मत आहे. ज्यांना वेगळं चर्च नाही, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनही (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घरातच होतं, त्यांना 'घरातली मंडळी' किंवा 'गृहमंडळी' शोभतो. पण नगर-पुण्याकडच्या जुन्या मंडळ्यांचे सभासद आठवड्यात एखाद्या संध्याकाळी कुणाकडे जमतात, ती मंडळी नव्हे, मंडळीतला एक मेळा. त्याला लोक सरळ 'कॉटेज मीटिंग' म्हणतात, नाहीतर 'घरी प्रार्थना आहे'. दाराशी चपलांचा ढीग, सतरंजीवर बायका-मुलं, पेटी-ढोलकी, कुणीतरी 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातल्या गीताचा नंबर सांगतं. मग बायबलमधलं वचन, एखाद्याची साक्ष (देवाचा स्वतःचा अनुभव), आजाऱ्यासाठी प्रार्थना, आणि शेवटी चहा. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आले तर आले. कॉटेज मीटिंग हा शब्द आता मराठीच आहे. त्याला 'कुटीरसभा' करायला कुणी जाऊ नये.

कॅथलिकांची मांडणी पुन्हा निराळी. तिथे धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) शेजारच्या घरांचा मिळून 'समूह' होतो. गोव्यात कोकणीत 'ल्हान क्रिस्तांव समुदाय' म्हणतात. हे समूह धर्मग्रामाचेच भाग, त्यांना गृहमंडळी म्हणणं चूक. लॅटिन अमेरिकेत 1968 साली मेदेयिन इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने अशा समूहांना बळ दिलं. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीत त्यांना 'जुमुइया' म्हणतात. हा शब्द अरबीतून आला, आणि त्याचा धातू तोच ज्यातून आपल्याकडे जमा, जमाव, जमात आले. मंडळी 'जमते' असं लिहिताना हे नातं मला फार सुखावतं.

या सगळ्यांबाहेरचा एक शब्द इथे नोंदवायलाच हवा. 1917 साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मंडळी म्हटलं की बाप्तिस्मा आणि सभासदत्व आलंच. दरबारात तसली अट शब्दातच नाही.

तेव्हा लिहिताना आधी एवढंच विचारा: हे लोक रविवारी कुठे जातात? दुसरीकडे चर्चमध्ये जात असतील तर कॉटेज मीटिंग किंवा समूह, त्याच घरी जमत असतील तर गृहमंडळी.