दुसऱ्या महायुद्धातली विमानाची इंजिनं आज नव्यानं बांधली तर ताकद दुप्पट होईल का?

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत ट्रॅक्टर-ट्रकची इंजिनं बांधायचं माझं काम. विमानाचं इंजिन मी फक्त वाचून जाणतो, पण ठिणगी आणि उष्णता त्याला वेगळे नियम लावत नाहीत.

दुप्पट विसरा. आपण ज्याला आधुनिक म्हणतो त्यातलं बरंच तेव्हाच होतं. रोल्स-रॉइसचं मर्लिन घ्या: २७ लिटर, १२ सिलिंडर, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, दोन प्लग, हेडवर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). युद्धाच्या सुरुवातीला ते साधारण १,००० अश्वशक्ती द्यायचं, शेवटी २,००० च्या आसपास. ही वाढ मुख्यतः सुधारलेल्या सुपरचार्जरची (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि वरच्या ग्रेडच्या पेट्रोलची. ते १५० ग्रेडचं पेट्रोल आता बाजारात नाही. आजच्या १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलवर तेवढाच बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, दिलात तर नॉकिंग होऊन (पेट्रोल नीट जळण्याऐवजी अवेळी भडकून) पिस्टनला भोक पडेल.

खरी दुखरी जागा म्हणजे पेट्रोलची वाटणी. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर एक आणि सिलिंडर बारा, नाहीतर अठरा. एखादा उपाशी, शेजारचा तुडुंब. उपाशी सिलिंडर जळू नये म्हणून सगळ्यांनाच जास्त पाजायचं. शिवाय विमानाचं नाक झटकन खाली घातलं की मर्लिन गचके खायचं. जर्मनांच्या डेमलर-बेंझ ६०१ इंजिनाला थेट इंजेक्शन (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणं) असल्यानं ते खात नसे. १९४१ मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या वाटेत भोकाची एक साधी चकती बसवून मर्लिनच्या गचक्यांवर तात्पुरता इलाज केला. असला जुगाड आमच्या धंद्यात सोन्याच्या मोलाचा!

आज दर सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आणि कॉम्प्युटरवर टायमिंग दिलं तर पेट्रोल वाचेल, इंजिन जास्त टिकेल. प्रदूषणाचा बीएस-सिक्स नियम आल्यावर मोटरसायकलचा चोक गेला, तसंच. नॉकिंगचा आवाज टिपणाऱ्या नॉक सेन्सरवर मात्र माझा फार भरवसा नाही. त्या व्हॉल्व्हच्या खडखडाटात त्याला काय ऐकू येणार? आणि मॅग्नेटो (इंजिनाच्या फिरण्यावर स्वतःच वीज तयार करणारा भाग) सरसकट काढू नका. बॅटरी मेली तरी तो ठिणगी देतो, आणि हवेत गाडी बाजूला घेता येत नाही.

माझ्या हाती असं इंजिन आलंच, तर पिस्टनला हात लावायच्या आधी मी प्रत्येक सिलिंडरला तापमानाचा सेन्सर लावीन. कोण उपाशी आहे ते कळल्याशिवाय हेड खोलणार नाही.