लीड्सच्या मुलाला आलेलं मतदारनोंदणीचं पत्र

ब्रिटनच्या राज्यकारभाराबद्दल वाचक विचारतात आणि मी लंडनच्या हॅरो भागातून उत्तरं लिहिते. १९९८ साली साताऱ्याहून इथे आले. २००५ पासून जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत आमच्या भागातल्या प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये, मतदारयादी पुढ्यात घेऊन टेबलामागे बसते. या वेळी चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून वर्षभर येत राहतो.

प्रश्न: ताई, माझा मुलगा लीड्सला एमएस्सी करतोय. त्याच्या खोलीवर कौन्सिलचं पत्र आलं, मतदारयादीत नाव नोंदवा म्हणून. तो भारतीय नागरिक आहे, विद्यार्थी व्हिसावर गेलाय. मित्र म्हणतात ही फसवणूक आहे, फॉर्म भरलास तर व्हिसा अडचणीत येईल. पत्र फाडून टाकलं तर चालेल ना? (एक आई, नाशिक)

उत्तर: फाडू देऊ नका. कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, दरवर्षी घरोघर अशी पत्रं पाठवते, त्या पत्त्यावर कोण कोण राहतं याची खात्री करायला. शंका असेल तर पत्रावरचा नंबर बाजूला ठेवावा, लीड्स कौन्सिलच्या संकेतस्थळावरून निवडणूक विभागाचा नंबर काढावा आणि फोन करून विचारावं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता मुख्य गोष्ट. कायदेशीर व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला इथे मत देता येतं. कौन्सिलसाठी देता येतं तसंच थेट पार्लमेंटसाठीही देता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, अमुक वर्षं राहिल्याची अटही नाही. हे सांगितलं की माणसं माझ्याकडे अविश्वासाने बघतात. तुमच्या मुलाचे मित्रही त्यातलेच.

याचं मूळ जुन्या काळात आहे. साम्राज्यातले लोक कायद्याने 'ब्रिटिश प्रजाजन' धरले जात. त्याच नात्याने आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून उभे राहिले आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निवडून आले. नौरोजी हे नाव इंग्रजांच्या जिभेला जड, म्हणून विरोधक त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' म्हणून चिडवत. पुढे साम्राज्य गेलं, राष्ट्रकुल उरलं, आणि राष्ट्रकुलाच्या नागरिकांचा मताचा हक्क कायद्यात तसाच राहिला. म्हणून आज भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया इथून आलेली माणसं पार्लमेंटसाठी मत देतात. फ्रान्स किंवा जर्मनीचा नागरिक इथे वीस वर्षं राहिला तरी त्याला ते मत नाही.

व्हिसावर याचा काहीही परिणाम होत नाही. भारतीय नागरिकत्वालाही धक्का लागत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं तर आपलं जातं, आणि मत देणं म्हणजे नागरिकत्व घेणं नव्हे. उलट पत्राकडे दुर्लक्ष केल्याचाच त्रास होऊ शकतो. घरातल्या मतदारांची माहिती मागूनही दिली नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोंदणी करायला सांगूनही केली नाही तर ८० पौंडांची. यादीत नाव असण्याचा रोजच्या जगण्यातही उपयोग होतो. कर्ज किंवा मोबाइलचा करार देताना कंपन्या माणसाचा पत्ता या यादीवरून पडताळतात. नवीन आलेल्या मुलांना 'क्रेडिट स्कोअर' नाही म्हणून अडवतात, तिथे हे कामी येतं.

नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते, फुकट. नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे नोकरी-करासाठीचा सरकारी क्रमांक, विचारतात. तो अजून मिळाला नसेल तर तसं लिहावं, मग पासपोर्टसारखा दुसरा पुरावा मागतात. फॉर्मवर 'खुली यादी' म्हणून एक चौकोन असतो. त्या यादीतली नावं कोणीही विकत घेऊ शकतो, म्हणून नको असेल तर तिथे खूण करावी. मत द्यायच्या यादीवर त्याने काही फरक पडत नाही. मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस उरले की त्या निवडणुकीसाठी नोंदणी बंद होते. आपल्या मुलांची गाडी नेमकी इथेच चुकते.

आणि मतदानाला जाताना भारतीय पासपोर्ट बरोबर न्यायला सांगा. २०२३ पासून इंग्लंडमध्ये फोटोचं ओळखपत्र लागतं, आणि विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. २ मे २०२४ ला लंडनच्या महापौराची निवडणूक होती, आमच्या केंद्रावर ओळखपत्राची ती पहिलीच वेळ. संध्याकाळी सातच्या सुमारास एक मुलगी आली, पाठीवर सॅक, केस पावसाने भिजलेले. यादीत तिचं नाव होतं. मी पट्टी त्या ओळीखाली धरली आणि ओळखपत्र मागितलं. तिने विद्यापीठाचं कार्ड पुढे केलं. नाही म्हणताना मला फार जड गेलं. नाव आपल्याकडचं होतं, म्हणून हळूच मराठीत विचारलं, "पासपोर्ट कुठंय?" ती म्हणाली, "खोलीवर, बॅगेच्या तळाशी." दहा वाजेपर्यंत केंद्र उघडं आहे म्हटलं, ये परत. पावणेदहाला आली, धापा टाकत. निळा पासपोर्ट टेबलावर ठेवला, मी नाव मोठ्याने वाचलं, ओळीवर रेघ मारली. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं मत. भारतात असताना निवडणुकीच्या दिवशी ती कायम दुसऱ्या गावी, म्हणून यादीत नावच नव्हतं.

एका मताने काय होतं असं तुमचा मुलगा म्हणेल. आमच्या शेजारच्या हेंडन मतदारसंघात जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत विजयी उमेदवाराला १५ मतं जास्त मिळाली. पंधरा! तिथे एका गल्लीत याहून जास्त भारतीय भाडेकरू राहतात.

प्रश्न: मी दहावीला राज्यशास्त्र शिकवतो. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत ब्रिटनने सहा पंतप्रधान पाहिले. मुलं विचारतात, सर, एवढे पंतप्रधान लोकांनी केव्हा निवडले? काय सांगू? (एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर: सर, त्या आठ वर्षांत पंतप्रधान पाच वेळा बदलला आणि त्यातला एकच बदल मतदारांनी घडवला, ४ जुलै २०२४ चा, ऋषी सुनक गेले आणि कीर स्टार्मर आले तो. बाकीचे चार बदल पक्षाच्या आत झाले. मतदार आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो, ६५० खासदारांत ज्याच्यामागे बहुमत त्याला राजा सरकार बनवायला बोलावतो. इथवर आपल्यासारखंच. पण आपल्याकडे ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ४ जुलैला त्यांना विधानसभेत विश्वासमत घ्यावं लागलं. ब्रिटनमध्ये नव्या पंतप्रधानाला सुरुवातीला असं मत घ्यावं लागत नाही. विरोधकांना वाटलं तर त्यांनी अविश्वासाचा ठराव आणावा.

लिझ ट्रस यांचं उदाहरण वर्गात जरूर सांगा. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना हुजूर पक्षाच्या ८१,३२६ सभासदांनी निवडलं. एवढी वस्ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाची असते. त्याच महिन्याच्या २३ तारखेला त्यांच्या अर्थमंत्र्यांनी पैसा कुठून आणणार हे न सांगता प्रचंड करकपात जाहीर केली. पौंड घसरला, सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, पेन्शन फंड अडचणीत आले आणि पाचच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. आमच्या गल्लीतल्या दोन कुटुंबांचे गृहकर्जाचे हप्ते त्या शरद ऋतूत वाढले, ते आजही ती तारीख विसरलेले नाहीत. ट्रस ४९ दिवसांत गेल्या. सुनक यांच्या वेळी तर सभासदांचं मतदानही झालं नाही, समोर उमेदवारच उरला नाही.

मला यात जास्त महत्त्वाची वाटते ती खासदाराची मोकळीक. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं हा पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. इथे तसा कायदा नाही. व्हिप असतो, महत्त्वाच्या मतदानाला कागदावर त्याखाली तीन रेघा मारलेल्या असतात, पण तो मोडला तर पक्ष फार तर बाहेर काढतो, जागा शाबूत राहते. जुलै २०२४ मध्ये, स्टार्मर यांच्या मजूर पक्षाचं सरकार येऊन तीन आठवडे झाले नव्हते, तेव्हा त्याच पक्षाच्या सात खासदारांनी दोनपेक्षा जास्त मुलांना भत्ता न देण्याच्या नियमाविरुद्ध मत दिलं. सातही जणांना पक्षाच्या गटातून निलंबित केलं. पुढच्या वर्षी, १ जुलै २०२५ ला, अपंगांच्या भत्त्याच्या विधेयकावर शंभराहून जास्त मजूर खासदार अडून बसले आणि सरकारला विधेयकातला गाभ्याचा भाग मतदानाच्या काही तास आधी मागे घ्यावा लागला. आणि ज्या दोन मुलांच्या नियमासाठी ते सात जण बाहेर गेले, तो रद्द करण्याची घोषणा सरकारनेच नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात केली. मुलांना हे सांगा सर. आपल्या सभागृहात असं कधी होईल का, हे त्यांनाच विचारा.

प्रश्न: ब्रिटनमध्ये अजून पेन्सिलीने मत देतात, हे खरं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: खरं आहे. मतपत्रिका कागदाची, उमेदवारापुढे फुलीची खूण, आणि आडोशात दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. शाई घडीत उमटून डाग पडू नये म्हणून पेन्सिल, पण सक्ती नाही, स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं. बोटाला शाई लावत नाहीत. रात्री दहाला पेट्यांना सील लागतं आणि पहाटेपर्यंत हाताने मोजणी चालते.

प्रश्न: आम्ही दोघं २०२२ पासून बर्मिंगहॅममध्ये नोकरी करतो. कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षं थांबावं लागेल असं ऐकतो. आम्ही आलो तेव्हा पाच होती. असा नियम मध्येच बदलता येतो? आम्ही काय करू शकतो? (एक जोडपं)

उत्तर: तुमची झोप उडाली असेल, मला कल्पना आहे. सरकारने १२ मे २०२५ ला श्वेतपत्रिका काढली, तिच्यात सर्वसाधारण मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचा विचार मांडला, आणि नोव्हेंबरमध्ये लोकांची मतं मागवली. श्वेतपत्रिका म्हणजे सरकारचा इरादा, तो कायदा नव्हे. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्थलांतराचे बहुतेक नियम बदलायला नवा कायदा लागत नाही. गृहमंत्री बदलांचं निवेदन पार्लमेंटपुढे ठेवतात, कोणत्याही सभागृहाने ४० दिवसांत नामंजूर केलं नाही तर ते टिकतं. म्हणून बातमी वाचताना 'प्रस्ताव' लिहिलंय की 'निवेदन मांडलं' लिहिलंय, आणि कोणत्या तारखेपासून, कोणाला लागू, एवढं आधी बघा.

हे पूर्वीही झालं आहे. २००६ मध्ये उच्चकुशल लोकांच्या योजनेचे (एचएसएमपी) नियम मध्येच बदलले आणि वास्तव्याची मुदत चारवरून पाच वर्षं केली. घरदार विकून आलेली आपली कितीतरी माणसं त्यात सापडली. ती एकत्र आली, एचएसएमपी फोरम नावाने कोर्टात गेली आणि २००८ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये जिंकली. ज्यांना आधीच्या अटींवर बोलावलं त्यांच्याशी तसंच वागलं पाहिजे, असं हायकोर्टाने म्हटलं. तो निकाल त्या योजनेपुरता होता, तुमच्या बाबतीत तसंच होईल असं मी म्हणणार नाही. पण गप्प बसून ते मिळालं नव्हतं, एवढं खरं.

तुमच्या हातातलं काम म्हणजे खासदाराला भेटणं. इथे जवळजवळ प्रत्येक खासदार मतदारसंघात भेटीची वेळ ठेवतो, तिला 'सर्जरी' म्हणतात, दवाखान्यासारखीच. नागरिक असायची गरज नाही, त्या मतदारसंघात राहत असलात की झालं. २००१ साली माझ्या यजमानांचा पासपोर्ट एका सरकारी खात्यात सात महिने अडकला होता. साताऱ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि आम्हाला जाता येत नव्हतं. फोन केला की "प्रक्रिया चालू आहे." शेवटी शेजारच्या काकूंनी हात धरून लायब्ररीत नेलं. शनिवार सकाळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी. खासदारबाईंनी सगळं ऐकलं, तारखा एका पिवळ्या कागदावर स्वतः लिहून घेतल्या आणि एकच प्रश्न विचारला, "आईंचं वय काय?" बावीस दिवसांनी पासपोर्ट आला. त्याआधी त्यांचं पत्र आलं होतं, वर हिरव्या रंगात पार्लमेंटचं चिन्ह. सासूबाईंना आम्ही भेटलो. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

तुमचं पत्र एका पानाचं असू द्या. आलात ती तारीख, व्हिसाचा प्रकार, भरलेला कर, व्हिसाबरोबर भरलेला आरोग्य अधिभार, मुलं असतील तर त्यांची इयत्ता, आणि मुदत वाढली तर नेमकं काय अडेल ते. छापील मजकूर उतरवू नका, तुमच्या शब्दांत लिहा. पत्ता आणि पोस्टकोड सगळ्यात वर लिहा, नाहीतर तुम्ही त्यांच्या मतदारसंघातले आहात हे कळणार नाही आणि पत्र बाजूला पडेल. आणि दोघांचीही नावं मतदारयादीत आहेत का, हे आज संध्याकाळीच बघा.