उत्तरेच्या जंगलात एटीव्ही : आधी मोसम, मग नकाशा, मग गाडी

आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत मिनिआपोलिस, मिलवॉकी, शिकागोकडे नोकरीला आहेत. आई-वडील किंवा मित्र भेटायला गेले की चार दिवस उत्तरेच्या जंगलात एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवरची चार फुगीर चाकांची, हँडलची गाडी, चालवायचा बेत हल्ली हमखास निघतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनचा वरचा भाग, म्हणजे लेक सुपीरियर या प्रचंड तळ्याच्या काठाकाठाचं जंगल. मी त्या काठावरच्या डुलुथ शहरात अकरा वर्षं होतो आणि सुट्टीचे बहुतेक दिवस तिथल्या ट्रेलवर, म्हणजे जंगलातल्या कच्च्या वाटांवर, घालवले. ठाण्यात परतल्यापासून लोक विचारत असतात. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं जूनमध्ये मुलाकडे मिनिआपोलिसला जातोय. त्याने जूनचा दुसरा आठवडा ठरवलाय. जंगल तेव्हा हिरवंगार असेल ना? (वाशी)

हिरवंगार असेल, पण शक्य असेल तर तारीख पुढे ढकला. तिकडे एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळतं, तरी जमीन आतून गोठलेलीच असते. पाण्याला खाली मुरायला जागा नसते, त्यामुळे वरचा थर लापशीसारखा होतो. त्यावरून एक गाडी गेली तरी खोल चाकोरी पडते, पुढच्या पावसात ती ओहोळ होते आणि मग ट्रेलच वाहून जातो. म्हणून वसंतात ट्रेल बंद ठेवतात. बरेचसे मेच्या मध्यावर उघडतात, पण तारीख दर वर्षी आणि दर काउंटीत (तिकडच्या जिल्ह्यात) वेगळी असते. निघण्याच्या आठवड्यात त्या काउंटीची ताजी सूचना बघितल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका.

जूनमध्ये ट्रेल उघडे असले तरी काळ्या माश्या आणि डास ऐन भरात असतात. काळी माशी डासासारखी टोचत नाही, कातडी कापून रक्त पिते, आणि नेमकी कानामागे, केसांच्या कडेला बसते. त्यातच गोचीड. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही लाइम रोगाची मोठी क्षेत्रं आहेत आणि तो रोग तिळाएवढ्या गोचिडीतून होतो. पँट मोज्यात खोचा. रोज रात्री एकमेकांची पाठ, काखा, गुडघ्यामागचा भाग, केसांची मुळं तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तूप, रॉकेल, काडीचा चटका यातलं काही करू नका. जंतू अंगात जायला ती साधारण २४ तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी महत्त्वाची. परत आल्यावर महिनाभरात ताप आला किंवा अंगावर पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं, तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आपणहून सांगा. इथे पावसाळ्यात ताप म्हटला की आधी डेंग्यू-मलेरियाची तपासणी होते, लाइमचा विचार कोणाच्या मनात येणार?

माझ्या मते सर्वांत चांगले दिवस ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे. माश्या गेलेल्या असतात, माती घट्ट असते, आणि सप्टेंबरच्या शेवटी मेपल लाल, बर्च पिवळे झालेले असतात. सकाळी पारा पाच अंशांच्या आसपास असतो आणि गाडीवरचा वारा त्याहून गार लागतो, तेव्हा हातमोजे जाड घ्या. शिकारीचा मोसमही शरदात सुरू होतो, म्हणून भडक नारिंगी जाकीट घाला. नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमध्ये हरणांची बंदुकीची शिकार नऊ दिवस चालते. त्या दिवसांत पाहुण्यांनी ट्रेलच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : आम्ही चौघं : मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि सहासष्ट वर्षांची आई. दोन एटीव्ही घेऊन डबलसीट गेलो तर? (घोडबंदर रोड)

नाही. एटीव्ही स्कूटरसारखी दिसते म्हणून हा विचार मनात येतो, पण तिची लांब सीट मागे माणूस बसवण्यासाठी नसते. चढावर पुढे झुकायला, उतारावर मागे सरकायला, वळणावर बाजूला कलायला चालवणाऱ्याला ती जागा लागते. या गाडीचा अर्धा तोल तुमच्या शरीरात असतो. मागे कोणी बसलं की तुम्ही हलू शकत नाही आणि पुढची चाकं उचलली जातात. खास दोघांसाठी बनवलेली मॉडेल वेगळी असतात, आणि त्यावर दोनच.

तुमच्यासाठी साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी शेजारी बसायची गाडी, बरी. तिला स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो. चार आसनांची मिळते. मुलाचे पाय टेकतात का आणि बेल्ट छातीवर नीट बसतो का, हे भाड्याने देणाऱ्याच्या अंगणातच बघा. हेल्मेट चौघांनाही घाला. गाडी कलंडतेय असं वाटलं की हात बाहेर काढून जमिनीला टेकवायचा मोह होतो, तिथेच हात चिरडतो. मुलाकडून आदल्या दिवशीच वदवून घ्या की काही झालं तरी हात आतच.

मुलाला वेगळी छोटी एटीव्ही देऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं, म्हणणं सोळा वर्षांखाली ही गाडी चालवूच नये असं आहे, आणि मला ते पटतं. आईंच्या कमरेला किंवा मणक्याला त्रास असेल तर त्यांना दिवसभर नका नेऊ. सकाळचे दोन तास आणि दुपारी तळ्याकाठी खुर्ची, याचा त्यांना जास्त आनंद होईल.

प्रश्न : भारतातला ड्रायव्हिंग लायसन्स चालतो का? आणखी काय कागद लागतात? (नेरूळ)

लायसन्स जवळ ठेवाच, पण ट्रेलवर त्याहून जास्त विचारतात ते ट्रेल पास आणि सुरक्षा प्रमाणपत्र. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीला पास लागतो. भाड्याच्या गाडीला तो आधीच लावलेला आहे का, ते गाडी ताब्यात घेताना डोळ्यांनी बघा. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८८ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना आणि मिनेसोटात १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. कोर्स ऑनलाइन असतो. इथूनच करून छापील प्रत न्या. पन्नाशीच्या वडिलांना कायद्याने लागत नाही, तरी त्यांनीही करावा.

विम्याकडे नीट लक्ष द्या. प्रवासविम्याच्या बारीक अक्षरांत साहसी खेळ आणि मोटरवाहनांचे खेळ बरेचदा वगळलेले असतात. तिकडे हाताचं हाड मोडलं तरी बिल लाखांत जातं. कंपनीला ईमेलवर सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका.

प्रश्न : ट्रेल कसे निवडायचे? दिवसाला किती अंतर धरायचं? मोबाइलला रेंज असते का? (माजिवडा)

नियोजनाचं खरं काम हेच. ठाण्याहून कसारा लोकलने सुमारे ८७ किलोमीटर, म्हणजे ५४ मैल. आपण पावणेदोन तासांत पोचतो. जंगलातल्या ट्रेलवर तेवढ्याच अंतराला पाच-सहा तास धरा. दगड, मुळं, चिखल, पूल, समोरून येणाऱ्या गाड्या, फोटो. नवख्यांनी दिवसाला ५० ते ६० मैलांवर जाऊ नये. वेग द्यायला अंगठ्याने दाबायचा खटका, म्हणजे थ्रॉटल, असतो. तिसऱ्या तासाला अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत कळ येते आणि मग हात चुकतो. साध्या एटीव्हीची टाकी १५ ते २० लिटरची. ती अर्धी झाली की पुढचा पंप कुठे, हे माहीत असायलाच हवं.

नकाशा वनखात्याचाच घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये २००५ च्या नियमानंतर प्रत्येक वनाचा वाहननकाशा निघतो आणि तो फुकट मिळतो. त्यावर जी वाट दाखवली आहे तीच गाड्यांना खुली. समोर रुंद, स्वच्छ रस्ता दिसला आणि तो नकाशावर नसला, तर तो बंद समजायचा. विस्कॉन्सिनचं शेक्वामेगन-निकोले वन सुमारे १५ लाख एकरांचं आहे, सुरुवातीला तिथे जा. मिनेसोटात ईली गावाच्या आसपासचं प्रॉस्पेक्टर्स ट्रेलचं जाळं मला फार आवडतं. पण ईलीच्या उत्तरेला बाउंड्री वॉटर्सचं राखीव अरण्य लागतं. दहा लाख एकरांहून मोठं, हजारावर तळी, आणि तिथे इंजिनाच्या गाडीला मुळीच प्रवेश नाही. ती हद्द नकाशावर लाल पेन्सिलने आखून घ्या.

रेंजवर भरवसा ठेवू नका. नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवा आणि एक कागदी खिशात ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र तिकडेच भाड्याने घ्या आणि तिकडेच परत करा. विकत घेऊन मुंबई विमानतळावर उतरू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे आणि सामानात सापडल्यावर प्रवाशांना अटक झालेली आहे.

प्रश्न : जाण्याआधी येऊरला एखादी एटीव्ही आणून सराव करता येईल का? सकाळी लवकर गेलो तर कोणाला त्रास नाही. (वर्तकनगर)

असं कृपया करू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, तीन बाजूंनी आपल्या इमारती टेकलेल्या, आणि त्यात बिबटे राहतात. सकाळी लवकर कोणाला त्रास नाही असं आपल्याला वाटतं, पण पहाट हीच तिथल्या प्राण्यांच्या येण्याजाण्याची वेळ. परवानगीशिवाय जंगलात गाडी घालणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पावसाळ्यात येऊरच्या पायवाटेवर एका चाकाने उकरलेली लाल माती पुढच्या सरीत कशी वाहते, ते तिथे जाऊन एकदा बघा. तिकडच्या जंगलात नियम पाळणार आणि घरामागच्या जंगलात मोडणार, हे मला सहन होत नाही. खारघरच्या आणि पारसिकच्या टेकड्यांबद्दलही माझं हेच उत्तर आहे.

कर्जत-लोणावळ्याकडे खासगी जागेत एटीव्हीचे ट्रॅक आहेत. तिथे दोनदा जा. गोल चकरा मारून वेग वाढवू नका. प्रशिक्षकाकडून थांबणं, वळणं आणि उभं राहून चालवणं शिका. घरी रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर टेका. ट्रेलवर खड्डे गुडघ्यांनी झेलायचे असतात.

प्रश्न : मागच्या वर्षी चढावर माझी गाडी मागे सरकली आणि उलटली. थोडक्यात बचावलो, पण भीती बसली. काय चुकलं असेल? (खारघर)

बहुतेक दोन गोष्टी. एक, गिअर चढाच्या मध्यावर बदलला असेल. दोन, गाडी अडल्यावर वळवायला गेला असाल. चढाच्या पायथ्याशी थांबा, माथा दिसतोय का बघा. दिसत नसेल तर आधी पायी चढून या. लो गिअर टाका, सीटच्या पुढच्या कडेवर या, छाती हँडलवर झुकवा आणि थ्रॉटल एकसारखा ठेवा. तरी अडली तर ब्रेक धरा, पार्किंग ब्रेक लावा, चढाच्या बाजूने उतरा. मागे सरकू लागल्यावर फक्त मागचा ब्रेक करकचून दाबला की पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी अंगावर येते. उतारावर उलट : वजन मागे, लो गिअर, वेग इंजिनालाच धरू द्यायचा. आडव्या उतारावर अंग वरच्या बाजूला.

पाण्याचंही सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. पहिल्याच वर्षी ईलीजवळ एक ओढा रोज ओलांडत होतो, घोट्याएवढा. एका रात्रीत बीव्हरने, म्हणजे झाडं कुरतडून पाणी अडवणाऱ्या तिकडच्या प्राण्याने, खाली फांद्यांचा बांध घातला. सकाळी पाणी तसंच शांत, चहाच्या रंगाचं दिसलं आणि मी न उतरता गाडी घातली. मध्यावर सीटपर्यंत पाणी. इंजिनाने हवेच्या नळीतून ते ओढलं, एक ठक्क आवाज आला आणि सगळं थांबलं. दोरीने ओढायला माणूस येईपर्यंत चार तास गेले. तेव्हापासून मी आधी काठी घेऊन पायी उतरतो. पाणी पाय ठेवायच्या पट्टीच्या वर असेल तर परत फिरतो. तुम्हीही फिरा.

भीतीचं म्हणाल, तर पहिले दोन दिवस सपाट ट्रेल घ्या. तिसऱ्या दिवशी हात आपोआप सैल होतील.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. खायचं काय? (ऐरोली)

दशम्या, थेपले, कोरडी चटणी, चिक्की. गावांतल्या बारमध्ये ग्रिल्ड चीज आणि बटाटे मिळतात. रात्री खाऊ गाडीवर किंवा तंबूत ठेवू नका, काळी अस्वलं वासाने येतात.

प्रश्न : सहा मित्र जातोय. ट्रेलवर वाटेत बार लागतात असं ऐकलं. एखादी बीअर चालेल? (कोपरी)

दिवस संपल्यावर, किल्ली भिंतीला टांगून. त्याआधी एकही नको. पिऊन एटीव्ही चालवणं तिकडे गुन्हाच आहे. तिथे मी पाहिलेल्या अपघातांत दारू वारंवार होती, आणि ते चेहरे विसरता येत नाहीत.

सहा गाड्या असतील तर अंतर ठेवा. कोरड्या दिवसांत पुढच्याची धूळ खाली बसल्यावरच निघा. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबा. समोरून कोणी आलं की डावा हात वर करून आपल्या मागे किती गाड्या आहेत तेवढी बोटं दाखवा. शेवटच्याने मूठ दाखवायची. डांबरी रस्ता लागला तर फक्त ओलांडा. या गाड्यांची कमी हवेची फुगीर चाकं डांबरावर अचानक पकडतात आणि वळणावर गाडी कलंडते.

प्रश्न : वय ५८, निवृत्त शिक्षिका. मुलीकडे डुलुथला जाणार आहे. तिला वेळ नाही. मी एकटी जाऊ शकते का? (पांचपाखाडी)

चालवायला तुम्ही नक्की शिकाल, ताई, पण एकट्याने नको, कुणीच एकट्याने जाऊ नये. तिथले बरेच ट्रेल स्थानिक क्लबची माणसं सांभाळतात. पडलेली झाडं तेच कापतात, पाट्या तेच लावतात, आणि त्यांच्यात निवृत्त मंडळी भरपूर. मुलीला सांगून जवळच्या क्लबला आधी पत्र लिहा, शनिवारच्या फेरीत सामील करून घ्या म्हणून. ट्रेल साफ करण्याचा दिवस असेल तर त्या दिवशी जा. हातमोजे न्या, फांद्या ओढायला मदत करा. दुपारी कुणीतरी तुम्हाला शेजारच्या आसनावर बसवून तळ्यापर्यंत नेईल, आणि येताना स्टिअरिंग तुमच्या हातात देईल.